मिल्क स्नेक मॉर्फ: रंग फोटोत दिसतो, 'प्युअर' मात्र दिसत नाही!

रील्स स्क्रोल करता करता लाल-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा, एखाद्या खेळण्यासारखा चकचकीत साप तुमच्या स्क्रीनवर कधी ना कधी आलाच असेल. खाली कॅप्शन असतं, 'प्युअर होंडुरन, अल्बिनो, हेट अॅनेरी, ब्रीडर पेअर'. अर्धे शब्द डोक्यावरून जातात आणि आपण पुढचं रील बघतो.

हा साप म्हणजे मिल्क स्नेक. तो अमेरिका खंडातला, आणि तो पाळण्याचा, त्याचं ब्रीडिंग करण्याचा छंदही मुख्यतः अमेरिका आणि युरोपातला. माझा एक मावसभाऊ टेक्सासमध्ये राहतो. त्याला होंडुरन मिल्क स्नेकची जोडी घ्यायची आहे, पिल्लं काढण्यासाठी. त्याने मला जाहिरातींच्या दहा-बारा लिंक पाठवल्या आणि म्हणाला, "तू कोड लिहितोस ना, मग हे ६६ टक्के, ५० टक्के काय प्रकार आहे ते सांग. आणि प्युअर आहे हे कसं ओळखायचं?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं निघालं, कारण ते शुद्ध गणित आहे. दुसरा प्रश्न मात्र भलताच अवघड आहे. आज हे दोन्ही प्रश्न नीट समजून घेऊया. सापात रस नसला तरी वाचा, कारण ऑनलाइन फोटो बघून काहीही विकत घेणाऱ्याला यातून बरंच शिकता येतं.

मिल्क स्नेक म्हणजे कोणता साप?

आपल्याकडे धामण गाईच्या पायाला वेटोळे घालून दूध पिते असं गावोगावी सांगतात. अगदी तसाच गैरसमज अमेरिकेतल्या शेतकऱ्यांमध्ये होता. गोठ्यात उंदरांच्या मागे येणारा हा साप गाईचं दूध पितो असं त्यांना वाटायचं, म्हणून नाव पडलं मिल्क स्नेक. साप दूध पीत नाही, ना तिकडचा ना आपल्याकडचा.

हा साप बिनविषारी आहे. त्याचे पट्टे विषारी कोरल स्नेकसारखे दिसतात आणि त्यामुळे शिकारी प्राणी त्याच्यापासून लांब राहतात. कॅनडापासून दक्षिण अमेरिकेपर्यंत त्याचे अनेक प्रकार आढळतात. पाळणाऱ्यांमध्ये विशेष लोकप्रिय म्हणजे होंडुरन, प्युएब्लन, सिनालोअन आणि नेल्सन्स. होंडुरन हा होंडुरास, निकाराग्वा आणि कोस्टारिकाच्या ईशान्य भागातला, अंगाने मोठा प्रकार. आपण उदाहरण म्हणून त्यालाच घेऊ.

मॉर्फ म्हणजे काय?

एकाच प्रकारच्या सापात जनुकांमुळे रंग किंवा नक्षी वेगळी दिसते, त्याला मॉर्फ म्हणतात. होंडुरनमध्ये हे मॉर्फ नेहमी ऐकू येतात:

- अॅमेलॅनिस्टिक (अॅमेल, अल्बिनो): काळा रंग तयारच होत नाही. जिथे काळे पट्टे हवेत तिथे पांढरट दिसतात, लाल-नारंगी तसाच राहतो, डोळे लालसर.
- अॅनेरिथ्रिस्टिक (अॅनेरी): लाल रंग गायब. साप काळा, करडा, पांढरा दिसतो.
- हायपोमेलॅनिस्टिक (हायपो): काळा रंग असतो, पण कमी. काळ्याऐवजी तपकिरी किंवा राखाडी छटा.
- स्नो: अॅमेल आणि अॅनेरी दोन्ही एकाच सापात. काळाही नाही, लालही नाही.
- घोस्ट: हायपो आणि अॅनेरी एकत्र.

'टँजेरीन' हा शब्द मात्र वेगळा आहे. रानातल्या होंडुरनमध्येच दोन तऱ्हा असतात. एक लाल-काळी-पिवळी, तर दुसरीत पिवळ्याच्या जागी नारंगी. हाच टँजेरीन. म्हणजे टँजेरीन हे अॅमेलसारखं एका जनुकाचं 'ऑन-ऑफ' बटण नाही. चांगला गडद टँजेरीन मिळतो तो पिढ्यान्पिढ्या निवडून केलेल्या ब्रीडिंगमधून.

'हेट' आणि टक्क्यांचं गणित

अॅमेल, अॅनेरी आणि हायपो ही अप्रभावी जनुकं आहेत. प्रत्येक सापाकडे जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. दोन्ही प्रती 'अॅमेल' असतील तरच साप अल्बिनो दिसतो. एकच असेल तर साप दिसायला साधा, पण पोटात जनुक लपलेलं. यालाच 'हेट' म्हणतात. अॅपमधलं एखादं फीचर कोडमध्ये आहे, पण स्क्रीनवर दिसत नाही, तसंच हे.

आता हिशोब बघा:

- अल्बिनो × साधा (जनुक नसलेला) = सगळी पिल्लं दिसायला साधी, पण १०० टक्के हेट.
- हेट × हेट = प्रत्येक पिल्लू अल्बिनो असण्याची शक्यता ४ पैकी १.
- हेट × साधा = सगळी साधी दिसतात, त्यातली साधारण निम्मी हेट.

दुसऱ्या जोडीत अल्बिनो बाजूला काढले की उरलेल्या साध्या दिसणाऱ्या पिल्लांपैकी ३ पैकी २ हेट असतात. हेच ते '६६ टक्के हेट'. तिसऱ्या जोडीतून येतं ते '५० टक्के हेट'.

इथे बरेच जण फसतात. ६६ टक्के हेट म्हणजे सापात ६६ टक्के जनुक आहे असं नाही. साप एकतर हेट आहे, नाहीतर नाही. टक्केवारी आहे ती आपल्या माहितीची. म्हणून '६६ टक्के हेट'साठी '१०० टक्के हेट'चा भाव मागितला तर सरळ नाही म्हणायचं.

दुसरी गोष्ट, ४ पैकी १ म्हणजे दर चार अंड्यांत एक अल्बिनो मिळणारच असंही नाही. हेट × हेट जोडीने ८ अंडी घातली तर एकही अल्बिनो न निघण्याची शक्यता सुमारे १० टक्के असते. आणि दोन हेट गुण असलेल्या जोडीतून स्नो हवा असेल तर शक्यता १६ पैकी १. आठ अंड्यांत स्नोचं स्वप्न बघणाऱ्याने हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

'पॉसिबल हेट' मादी खरंच हेट आहे का हे तपासायचं असेल तर तिची जोडी अल्बिनो नराशी लावतात. ती हेट असेल तर प्रत्येक पिल्लू अल्बिनो निघण्याची शक्यता निम्मी. ५ पिल्लं निघाली आणि पाचही साधी, तर हेट मादीकडून असं होण्याची शक्यता ३२ पैकी १. एक जरी अल्बिनो पिल्लू निघालं की विषय संपला, ती हेटच.

आता मुख्य प्रश्न: 'प्युअर' म्हणजे नेमकं काय?

रंगाचं गणित कॅल्क्युलेटरमध्ये बसतं. 'प्युअर' हा शब्द बसत नाही, कारण विकणारे तो तीन वेगळ्या अर्थांनी वापरतात:

१. दुसऱ्या जातीचं रक्त नाही. म्हणजे कॉर्न स्नेक किंवा किंगस्नेकशी संकर झालेला नाही.
२. दुसऱ्या प्रकारच्या मिल्क स्नेकचंही रक्त नाही. म्हणजे होंडुरनमध्ये सिनालोअन मिसळलेला नाही.
३. मूळ साप कुठल्या भागातून आले ते ठाऊक आहे आणि ती लाइन वेगळी जपली आहे.

समोरचा पहिल्या अर्थाने 'प्युअर' म्हणतोय आणि आपण तिसऱ्या अर्थाने ऐकतोय, असं सहज होतं. त्यात शास्त्रज्ञांनी नावंही बदलली आहेत. पूर्वी मिल्क स्नेक ही एकच जात मानून तिच्या सुमारे २५ उपजाती केलेल्या होत्या. २०१४ साली सारा रुआन आणि सहकाऱ्यांनी डीएनए तपासून तिच्या ७ स्वतंत्र जाती केल्या. त्यात होंडुरन हा 'लॅम्प्रोपेल्टिस अॅब्नॉर्मा' या जातीत गेला, तर सिनालोअन 'लॅम्प्रोपेल्टिस पॉलिझोना'त. छंदवाले मात्र अजून जुनीच नावं वापरतात. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा: "प्युअर म्हणजे तुमच्या मते काय?"

फोटोवरून का कळत नाही?

हे साप आणि त्यांचे चुलत भाऊ पिंजऱ्यात एकमेकांशी सहज जुळतात, आणि संकरित पिल्लंही बहुतेक वेळा पुढे अंडी देतात. कॅलिफोर्निया किंगस्नेक × कॉर्न स्नेक याला 'जंगल कॉर्न' म्हणतात. सिनालोअन मिल्क × कॉर्न स्नेक म्हणजे 'सिनाकॉर्न'. नाव सांगून विकले तर यात फसवणूक काही नाही. अडचण सुरू होते ती नाव गळून पडल्यावर.

समजा कोणी होंडुरनमध्ये दुसऱ्या जातीचा रंग आणण्यासाठी संकर केला. पहिल्या पिढीत परकं रक्त ५० टक्के. ती पिल्लं पुन्हा होंडुरनशी जुळवली की सरासरी २५ टक्के. मग १२.५, मग ६.२५, मग जवळपास ३ टक्के. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर साप दिसायला अस्सल होंडुरन असतो, पण आणलेलं रंगाचं जनुक आत तसंच असतं. मधल्या एखाद्या मालकाने खरेदी करताना विचारलं नाही, पुढच्याला सांगितलं नाही, की साखळी तुटली. त्यानंतर जो विकतो तो प्रामाणिकपणे 'प्युअर' म्हणत असतो!

एखाद्या अॅपचा स्क्रीनशॉट बघून आतला कोड कोणी लिहिला हे सांगता येत नाही. त्यासाठी बदलांची नोंद लागते. इथेही तसंच. शुद्धता ही सापाच्या अंगावर लिहिलेली नसते, ती त्याच्या वंशाच्या नोंदीत असते.

तरी डोळ्यांनी काय तपासता येतं?

ताजा, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या पिढीतला संकर पकडायला या खुणा उपयोगी आहेत:

- पट्टे: मिल्क स्नेकमध्ये साधारण गोल कडी दिसतात. पाठीवर कॉर्न स्नेकसारखे सुटे ठिपके-डाग दिसले तर शंका घ्या.
- खवले: मिल्क स्नेकचे खवले गुळगुळीत. कॉर्न स्नेकच्या पाठीच्या खवल्यांवर मध्ये पुसटशी उभी रेघ उठलेली असते.
- शेपटीच्या मुळाशी: पोटाकडून बघितलं तर गुदद्वारावरचा खवला मिल्क स्नेकमध्ये एकसंध, कॉर्न स्नेकमध्ये दुभागलेला. त्या भागाचा जवळून काढलेला फोटो मागा.
- लाल पट्ट्यांची संख्या: अंगावरचे लाल पट्टे होंडुरनमध्ये साधारण १३ ते २६, सिनालोअनमध्ये १० ते १६, नेल्सन्समध्ये १३ ते १८.

शेवटच्या ओळीतच मेख आहे. १५ पट्ट्यांचा साप या तिन्हींपैकी कोणीही असू शकतो. म्हणजे या खुणांवरून 'हा प्युअर नाही' असं कधी कधी म्हणता येतं, पण 'हा प्युअर आहे' असं कधीच म्हणता येत नाही. खूण चुकली तर साप नाकारा. खूण बरोबर आली म्हणून लगेच पैसे पाठवू नका.

मग डीएनए टेस्ट?

कुठल्याही इंजिनिअरच्या डोक्यात हेच येणार. २०१५ मध्ये जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी कॉर्न स्नेकच्या अॅमेल रंगाचं मूळ ओसीए२ या जनुकातल्या बिघाडात शोधलं. २०२२ मध्ये ईस्टर्न मिशिगन विद्यापीठातल्या गटाने पाळणाऱ्यांकडून मागवलेल्या काती तपासून बॉल पायथनच्या तीन रंगांची जनुकं शोधली. अमेरिकेत सापाची कात पाठवून काही मॉर्फची तपासणी आता पैसे देऊन करताही येते.

पण ही टेस्ट जनुकाच्या एका ठरावीक जागेवर बोट ठेवते. 'इथे बदल आहे की नाही' एवढंच सांगते. शुद्धता सांगायची तर संपूर्ण डीएनएमधल्या अनेक जागा बघाव्या लागतील, आणि तुलनेसाठी रानातल्या खात्रीच्या सापांचे नमुने लागतील. फक्त मायटोकाँड्रियाचा डीएनए बघितला तर आईकडचीच बाजू कळते, वडिलांकडचा संकर तसाच सुटतो. त्यामुळे 'डीएनए टेस्टेड प्युअर' असं कोणी लिहिलं तर कुठली टेस्ट, कुठल्या जनुकाची, हे विचारा.

फोन हातात आहे, तो वापरा

- फोनचा कॅमेरा व्हाइट बॅलन्स आणि रंगांचा गडदपणा स्वतःच बदलतो. सापाशेजारी पांढरा कागद ठेवून दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो मागा. कागद पिवळा दिसला तर टँजेरीनही तितकाच खोटा.
- कागदावर आजची तारीख आणि तुमचं नाव लिहून सापासोबत छोटा व्हिडिओ मागा.
- फोटो गूगल लेन्समध्ये टाकून तो आधी कुठे वापरलाय का ते बघा.
- प्रत्येक सापाच्या पट्ट्यांची ठेवण वेगळी असते, बोटांच्या ठशांसारखी. जाहिरातीतला फोटो आणि व्हिडिओतला साप यांचे पट्टे मोजून, तुटलेली कडी शोधून जुळवा.
- व्हॉट्सअॅप-इन्स्टाग्रामवरून आलेल्या फोटोतून तारीख-ठिकाणाची माहिती गळून जाते. मूळ फाइल ईमेलवर मागा.

खरेदीआधीची यादी

मावसभावाला मी ही यादी करून दिली:

१. आई-वडिलांचे फोटो, आणि शक्य असेल तर आजी-आजोबांचेही. ते कोणाकडून, कुठल्या साली आणले?
२. हेट असल्याचा पुरावा काय? '१०० टक्के हेट' असेल तर आई-वडिलांपैकी एक दिसायला त्या मॉर्फचा, किंवा सापाची स्वतःची पिल्लं हा पुरावा.
३. विक्रेत्याकडे इतर जातींचे साप आहेत का, तो संकर करतो का? करत असेल तर ते वाईट नाही, पण नोंदी वेगळ्या ठेवतो का ते बघा.
४. जोडी एकमेकांची भावंडं आहेत का? 'लाइन शुद्ध ठेवायची' म्हणून पिढ्यान्पिढ्या भावंडंच जुळवली तर अशक्त पिल्लं निघायचा धोका वाढतो.
५. दोन्ही अल्बिनो एकाच लाइनचे आहेत का? बोआ सापात काल आणि शार्प अशा दोन अल्बिनो लाइन आहेत. त्या एकत्र केल्या तर पिल्लं साधीच दिसतात, कारण जनुकं वेगळी.
६. नर-मादी नक्की आहेत ना? अनुभवी माणसाने किंवा पशुवैद्याने तपासलेलं हवं.
७. खाण्याची आणि कात टाकल्याची नोंद. पिल्लू नियमित खातंय ना?
८. पैसे पेपॅलच्या 'फ्रेंड्स अँड फॅमिली'ने मागितले तर थांबा. त्यात खरेदीदाराला संरक्षण मिळत नाही.

उत्तरं टाळणारा विक्रेता आणि 'मला आजोबांपर्यंतच माहीत आहे, त्याआधीचं नाही' असं सरळ सांगणारा विक्रेता यांत दुसरा कधीही बरा. मॉर्फमार्केटसारख्या वेबसाइटवर जाहिराती आणि मॉर्फची माहिती मिळते, पण जमलं तर रेप्टाइल एक्स्पोला प्रत्यक्ष जाऊन साप बघावा. आणि राज्याचा कायदा आधी वाचावा. उदाहरणार्थ जॉर्जिया राज्यात तिथले स्थानिक बिनविषारी साप पाळायला बंदी आहे.

साप घरी आला की काही आठवडे वेगळ्या खोलीत ठेवायचा. आणि दोघांना एका पेटीत कायमचं ठेवायचं नाही. मिल्क स्नेक दुसरे साप खातात, अगदी जोडीदारालाही! पिल्लंही अंड्यातून निघाली की एकेकटी ठेवतात.

सर्वात महत्त्वाचं, आता तुम्हीही त्या साखळीतली एक कडी आहात. साध्या स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक सापाला नंबर द्या, आई-वडिलांचे नंबर, तारीख, फोटो लिहा. जे माहीत नाही तिथे 'माहीत नाही' असंच लिहा. पिल्लू विकताना ती शीट सोबत द्या. पुढच्या माणसासाठी 'प्युअर' या शब्दाला अर्थ उरणार तो त्या शीटमुळेच.

आणि भारतात?

हा सगळा हिशोब अमेरिकेतला आहे, हे विसरू नका. परदेशातून जिवंत प्राणी आणायला सरकारी परवाना लागतो. 'मिल्क स्नेक, कुरिअरने घरपोच' असा मेसेज टेलिग्रामवर आला तर यूपीआय उघडूसुद्धा नका. आपल्याकडच्या नाग, धामण, अजगर, मांडूळ अशा सापांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. ते पकडणं, घरात ठेवणं, विकणं गुन्हा आहे. मांडुळाच्या नादात लोक कसे पकडले जातात ते बातम्यांत आपण वाचतोच. साप बघायचाच असेल तर पुण्यात कात्रजला जा, तिथे सर्पोद्यान आहे.

तुमचे कोणी नातेवाईक किंवा मित्र परदेशात असा छंद करत असतील तर त्यांना हा लेख नक्की पाठवा. हेटच्या गणितात काही अडलं तर कमेंटमध्ये विचारा, एखादी जोडी सोडवून दाखवतो. भेटूया पुढच्या लेखात!